मुलगा प्रो झाला, पण रात्री अकरानंतर तो कुठे असतो?

पत्र असं आहे, थोडं छोटं केलंय, कंसातलं माझं:

"ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, मूळचे साताऱ्याचे. मुलगा पिचर (बॉल टाकणारा) आहे. गेल्या जुलैत हायस्कूल संपल्या संपल्या बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवीन मुलं निवडतात, आधी निवडलेला जास्त भारी) त्याला पाचव्या राउंडला घेतलं, साडेचार लाख डॉलर बोनस मिळाला आणि कॉलेजची सीट सोडून त्याने सही केली. आता १९ वर्षांचा आहे, नॉर्थ कॅरोलायनात लो-ए टीममध्ये (मेजर लीग सगळ्यात वरची, तिच्याखालच्या मायनर लीगमधली ही एक खालची पायरी) खेळतो. मिस्टरांना सही करणं पटलं नव्हतं, तेव्हापासून बापलेकात हो-नाही एवढंच बोलणं. मागच्या महिन्यात खोटं आयडी दाखवून बारमध्ये गेला म्हणून पोलिसांनी कागद हातात दिला, तेही आम्हाला त्याच्या रूममेटच्या आईकडून कळलं. खात्यातून दर चार दिवसांनी तीनशे, पाचशे जातायत, विचारलं की म्हणतो मित्राला दिले. त्यात मिस्टरांच्या चुलतभावाला फूड ट्रकसाठी चाळीस हजार हवेत आणि तो थेट मुलालाच मेसेज करतो. मी नोकरी सोडून सीझन संपेपर्यंत त्याच्याजवळ जाऊन राहू का? – एक आई"

ताई म्हणालात म्हणून आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, नोकरी सोडू नका. का ते सांगते, आणि त्यासाठी मला तुम्हाला दुसऱ्या एका घरातली गोष्ट सांगायला लागेल.

जॉश हॅमिल्टन. १९९९ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर, तोही नॉर्थ कॅरोलायनाचाच, १८ वर्षांचा, टँपा बेच्या टीमने जवळजवळ चाळीस लाख डॉलर दिले. त्याच्या आईवडलांनी अगदी तुम्ही म्हणताय तेच केलं, दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि मुलगा जिथे खेळेल तिथे त्याच्यामागे जाऊन राहिले, जेवण, कपडे, गाडी सगळं तेच बघायचे. पोरगं सरळ होतं, खेळायचं आणि घरी यायचं. मग २००१ मध्ये फ्लोरिडात तिघांच्या गाडीला अपघात झाला, आईला लागलं, उपचारासाठी ते दोघं परत घरी गेले आणि हा पाठ दुखावून तिथे एकटा. खेळता येईना, रिकामा दिवस, खिशात पैसे आणि आयुष्यात एकदाही एकट्याने संध्याकाळ काढायची सवय नाही. जाऊन बसायला लागला एका टॅटूच्या दुकानात, तिथल्या लोकांशी मैत्री झाली, मग दारू, मग कोकेन, मग लीगचं सस्पेन्शन आणि खेळाबाहेरची कितीतरी वर्षं. पुढे २००७ ला तो परत आला, २०१० ला अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू पण झाला, पण कसा आला ते बघा. टीमने जॉनी नॅरन नावाचे कोच त्याच्याबरोबर ठेवले, खिशात कॅश ठेवायची नाही, जेवणाचे पैसे नॅरनकडे. म्हणजे शेवटी कोणीतरी सोबत लागलंच, पण ती आई नव्हती.

आईवडील जवळ राहिले म्हणून तो बिघडला असं मी म्हणत नाहीये, उलट ते होते तोवर सगळं ठीक होतं. पण त्यांच्या असण्यावरच सगळं टेकलेलं होतं आणि तो टेकू निघाल्यावर पोराकडे दुसरं काहीच नव्हतं. तुम्ही सप्टेंबरपर्यंत जाऊन राहाल, पुढच्या एप्रिलचं काय?

आता मी हे एवढं कुठून बोलतेय तर २०२२ च्या आधी टीमकडून राहायची सोय नसायची आणि गावातली घरं ही मुलं ठेवून घ्यायची, होस्ट फॅमिली म्हणतात त्याला. आमच्या घरी सहा उन्हाळे अशी मुलं राहिली. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, अजूनही बॉल आणि स्ट्राइकमध्ये माझी गडबड होते, पण रात्री साडेअकराला फ्रिज उघडून उभी असलेली सहा फुटी पोरं मी पुष्कळ पाहिली. त्यांचा दिवस कसा असतो ते घरच्यांना खरंच माहीत नसतं. मॅच संध्याकाळी सातला, म्हणून दुपारी एक-दोनला मैदानावर, मॅच संपते दहाला, अंघोळ-बिंघोळ करून बाहेर पडेपर्यंत अकरा, अंगात अजून सगळी ताकद उसळत असते आणि गावात त्या वेळी उघडं काय, तर बार, गॅस स्टेशन आणि वॉफल मिळणारं एखादं हॉटेल. झोप दोन-तीनला. उठायचं अकराला. मंगळवार ते रविवार रोज मॅच, सोमवारी सुट्टी आणि तो सोमवारच सगळ्यात वाईट, कारण त्या दिवशी करायला काहीच नसतं. त्यातून तुमचा मुलगा पिचर, म्हणजे बाकीच्यांसारखा रोज खेळतही नाही, बरेच दिवस तो नुसता कठड्याला टेकून बघत असतो. १८ वर्षं आईने उठवलेलं, कोचने पळवलेलं पोर एकदम अशा आयुष्यात जाऊन पडतं आणि आपण फोनवर विचारतो, "काय रे, किती स्पीड आला आज?"

बारचं म्हणाल तर मला त्या आयडीपेक्षा तुम्हाला ते तिसरीकडून कळलं याची जास्त काळजी वाटते. पण आयडी पण हलकं घेऊ नका. २००४ चा पहिला नंबर मॅट बुश, सॅन डिएगोचाच मुलगा, सॅन डिएगोच्याच टीमने घेतला, साडेएकतीस लाख डॉलर बोनस, आणि पहिली प्रो मॅच खेळायच्या आधी ॲरिझोनात बारबाहेर मारामारी करून सस्पेंड. तेव्हा सगळे म्हणाले, पोरवय आहे, होतं. पुढे २०१२ मध्ये दारूच्या नशेत गाडी चालवून त्याने ७२ वर्षांच्या मोटरसायकलवाल्याला उडवलं आणि न थांबता निघून गेला, तीन वर्षांहून जास्त तुरुंगात. बाहेर आल्यावर टेक्सासच्या टीमने त्याला दारू नाही, गाडी नाही अशा अटींवर घेतलं आणि त्याचे वडील त्याच्याबरोबर राहायला आले, आणि मे २०१६ मध्ये तो खरोखर मेजर लीगमध्ये उतरला. बघा, इथे वडील जाऊन राहिलेच की, म्हणाल तुम्ही. हो, पण तो तिशीतला माणूस होता, व्यसनातून उठत होता आणि ते ठरवून, सगळ्यांना सांगून केलेलं होतं. तुमच्याकडे अजून तशी वेळ आलेली नाही. आणि इथे गोष्ट गोड संपवावी तर २०२४ मध्ये त्याला पुन्हा दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपावरून अटक झाली. सोपं नसतं हे.

म्हणून त्या पोलिसांच्या कागदाचं आधी बघा. तिथल्याच गावातला वकील करा, न्यू जर्सीतला ओळखीचा नको, आणि कोर्टाची तारीख मुलाने स्वतःच्या फोनमध्ये टाकायची, तुम्ही नाही. त्याने एजंटला आणि टीमच्या मॅनेजरला स्वतः सांगायचं, या आठवड्यात. टीमला पोराच्या तोंडून कळलं तर दहा मिनिटं बोलणी बसतील, दुसरीकडून कळलं तर तो "लपवणारा" ठरेल आणि ते लेबल पाचव्या राउंडच्या मुलाला परवडत नाही. पहिल्या राउंडच्यांना चार वेळा माफी मिळते, खालच्यांना तेवढी नाही, अन्याय आहे पण आहे.

आता खरं दुखणं. तीनशे, पाचशे, मित्राला दिले.

मी मुलावर आरोप करत नाहीये. खरंच मित्राला दिले असतील, त्या क्लबहाऊसमध्ये, म्हणजे टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये, दहा-वीस हजार बोनस घेऊन आलेली मुलं असतात आणि उसनवारी चालते. पण सारख्या अंतराने सारखे आकडे म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं बेटिंग येतं. नॉर्थ कॅरोलायनात मार्च २०२४ पासून फोनवरून बेटिंग कायदेशीर आहे, वयाची अट २१, म्हणजे त्याला स्वतःचं अकाउंट उघडताच येत नाही, मग ही मुलं काय करतात तर मोठ्या मित्राच्या अकाउंटवर खेळतात आणि त्याला पैसे पाठवतात. खात्यात दिसतं, "मित्राला दिले".

आणि यात एक गोष्ट त्याला माहीत असलीच पाहिजे, माहीत असते पण पोरं मनावर घेत नाहीत. बेसबॉलचा रूल २१, प्रत्येक क्लबहाऊसच्या भिंतीवर लावलेला असतो. बेसबॉलच्या मॅचवर पैसे लावले आणि ती तुमची मॅच नसली तरी एक वर्ष बाहेर. तुमच्या टीमची असली तर कायमचे बाहेर. मायनर लीगला पण हेच. जून २०२४ मध्ये एकाला आयुष्यभरासाठी आणि चौघांना वर्षासाठी काढलं, त्या चौघांत जे ग्रूम नावाचा एक जण होता, २०१६ च्या ड्राफ्टमधला बारावा नंबर, साडेछत्तीस लाखांचा बोनस घेतलेला लेफ्टी पिचर. त्याने बेसबॉलवर लावलेली सगळी रक्कम मिळून पाचशे डॉलरच्या आत होती. परत वाचा, पाचशे. हे बेट त्याने मायनर लीगमध्ये असताना लावलेले आणि पकडलं गेलं ते काही वर्षांनी, कारण ॲपवर सगळ्याची नोंद राहते. मित्राच्या अकाउंटवरून लावलं म्हणजे कळत नाही असं त्याला वाटत असेल तर तो गैरसमज आधी काढा. आणि दुसरं, "आज कोण पिच करणार रे, खांदा बरा आहे का त्याचा" असं विचारणारे नवीन नवीन मित्र अचानक येतात, त्यांना काहीही सांगायचं नाही, गंमतीतसुद्धा नाही.

हे विचारायचं कसं? बँकेचं स्टेटमेंट समोर टाकून नाही. ते केलंत तर तो पुढच्या वेळी कॅश काढेल आणि तुम्हाला तेवढंही दिसणार नाही. आमच्याकडच्या एका मुलाला मी तसं केलं होतं, मोठ्या तोऱ्यात, त्याच्या आईला फोन लावून, आणि तो उरलेले दोन महिने माझ्याशी "गुड मॉर्निंग मॅम" च्या पुढे बोलला नाही. अजून लाज वाटते मला. सरळ विचारा की बेट लावतोस का, बेसबॉलवर लावलंस का, आणि "हो" आलं तर त्या क्षणी ओरडायचं नाही असं आधी स्वतःशी ठरवून मग फोन करा. आणि बेसबॉलवर लावलंय म्हणाला तर त्याने कोणालाही काही कबूल करायच्या आधी वकिलाशी बोलायचं, एजंटच्याही आधी, बारच्या कागदाला जे सांगितलं त्याच्या हे उलट आहे, लक्षात ठेवा. प्रत्येक टीमचा एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम असतो, बेटिंग, दारू, झोप न येणं, सगळ्यासाठी माणसं असतात, तो नंबर त्याच्याकडे आहे का एवढं बघा.

पैशांचा हिशोब पण एकदा कागदावर मांडा, मिस्टरांना घेऊन बसा, ते इंजिनिअर असतील तर एक्सेल काढतीलच. साडेचार लाख ऐकायला फार वाटतात. त्यातून एजंटचे साधारण पाच टक्के, फेडरल टॅक्स, न्यू जर्सीचा टॅक्स, सोशल सिक्युरिटी, सगळं जाऊन हातात अडीच-पावणेतीन लाखांच्या घरात उरतात. पगार म्हणाल तर २०२३ च्या करारात लो-एचा वर्षाचा २६,२०० डॉलर धरला होता, आणि तो सुद्धा युनियन झाली म्हणून, त्याआधी ११,००० होता. लो-एच्या वर मेजर लीगपर्यंत चार पायऱ्या आहेत आणि एकेका पायरीवर वर्ष-दोन वर्षं जातात, खांदा-कोपर गेला तर जास्त. म्हणजे हे अडीच लाख श्रीमंती नाही, पाच-सहा वर्षांची शिदोरी आहे.

यावरून चुलत दीर. त्यांना मुलाने नाही म्हणायचं नाही, तुम्हीही नाही, मिस्टरांनी म्हणायचं. त्यांचा भाऊ, त्यांचं काम. आपल्यात १९ वर्षांचा पुतण्या काकाला नाही म्हणूच शकत नाही, त्या मेसेजला तो गप्प राहतोय यावरून कळतंय मला, आणि असं तीन नातेवाइकांना हो म्हणून झालं की शिदोरी संपली. "पैसे सगळे लॉक केलेत, आमच्याही हातात नाहीत" असं सांगा, आणि मग खरंच लॉक करा, म्हणजे खोटंही बोलायला नको. दर महिन्याला ठराविक रक्कम त्याच्या खात्यात, बाकीचं हात न लागेल अशा ठिकाणी, सल्लागार फी घेणारा असावा, कमिशन घेणारा नको, आणि नातेवाईक तर नकोच नको. अजून एक, काही कंपन्या या मुलांना गाठून आत्ता रोख देतात आणि बदल्यात पुढच्या सगळ्या कमाईतला टक्का लिहून घेतात. फर्नांडो टाटीस ज्युनियरने मायनरमध्ये असताना असा करार केला आणि २०२१ मध्ये त्याला ३४ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, आता करा हिशोब त्या टक्क्याचा. असा कागद आला तर सही नाही.

मिस्टरांचा विषय मुद्दाम मागे ठेवला. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल दीडच ओळ आहे पण मला वाटतं निम्मं दुखणं तिथे आहे. कॉलेज सोडलं याचा राग मी समजू शकते, आपण इथे आलोच शिक्षणाच्या जिवावर, आणि मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की "मुलगा कुठे शिकतो" तर काय सांगायचं हा प्रश्न खरा आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. २०२३ मध्ये अर्जुन निम्मलाला टोरांटोच्या टीमने ड्राफ्टमध्ये विसाव्या नंबरवर घेतलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता, भारतातून आलेल्या आईवडलांचा मुलगा, फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीची सीट सोडून गेला. तेव्हा आमच्या ग्रुपवर अर्धे लोक अभिनंदन करत होते आणि अर्धे "पण डिग्रीचं काय" विचारत होते. तर मिस्टरांना हे सांगा की मुलाचं कॉन्ट्रॅक्ट काढून वाचा. हायस्कूलमधून सही करणाऱ्यांना बऱ्याचदा कॉलेजच्या खर्चाची रक्कम करारात लिहून मिळते, खेळणं थांबल्यावर दोन वर्षांच्या आत कॉलेज सुरू करायची अट असते. तुमच्या करारात ते असेल तर दार बंद झालेलं नाही, आणि ही गोष्ट मुलाला बाबांनी स्वतः फोन करून सांगितली तर हो-नाहीच्या पुढे एक वाक्य तरी जाईल.

मी बोलणं-बोलणं का करतेय त्याला कारण आहे. ब्रायन टेलर, १९९१ चा पहिला नंबर, न्यूयॉर्कच्या यांकीज टीमने साडेपंधरा लाख डॉलर दिले, तेव्हा ड्राफ्टमधल्या मुलासाठी हा विक्रमी आकडा होता आणि तो मिळाला तो त्याच्या आईने पहिल्या ऑफरला सरळ नाही म्हटलं म्हणून, जबरदस्त बाई. दोन वर्षांनी डिसेंबरमध्ये सुट्टीला घरी आलेला, भावाचं कोणाशी तरी भांडण झालं, हा भावाच्या बाजूने गेला आणि डाव्या खांद्याचं, म्हणजे ज्या हाताने बॉल टाकायचा त्याच खांद्याचं, वाटोळं करून आला. मेजर लीग कधी दिसलीच नाही. २०१२ मध्ये ड्रग्ज विकल्याबद्दल ३८ महिन्यांची शिक्षा. लोक त्याला वाया गेलेला म्हणतात, मला तो वाया गेलेला नाही वाटत, भावासाठी धावून जाणारा मुलगा होता तो, पण त्या रात्री "थांब, तू नको जाऊस" म्हणणारं कोणी तिथे नव्हतं. आणि त्या वेळी तो स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांत होता. जवळ राहिल्याने सगळं टळतं असं नाही, हेच सांगतेय मी.

मग करायचं काय तुम्ही? महिन्यातून एकदा जा, रविवारी संध्याकाळी पोचा आणि मंगळवारी सकाळी परत या, तो सोमवार तुमचा. हॉटेलात राहा, त्याच्या अपार्टमेंटमध्ये नको. रूममेटलाही जेवायला न्या, त्याच्या आईचा नंबर तुमच्याकडे आहेच, त्या बाईंशी मैत्री करा पण हेरगिरीसाठी वापरू नका त्यांना. बाकीचे दिवस रात्री साडेअकराला तुम्ही जागं राहायचं नाही, एक माणूस ठरवायचा ज्याला तो त्या वेळी फोन करू शकेल, जुना हायस्कूल कोच, मावसभाऊ, कोणीही, फक्त ज्याला मुलाच्या पैशाशी काही देणंघेणं नाही असा. नाव मुलाला निवडू दे. आणि शनिवारच्या एखाद्या ऑनलाइन कम्युनिटी कॉलेज कोर्सचं बघा, डिग्रीसाठी नाही हो, त्या रिकाम्या सकाळसाठी. आमच्याकडे एक जण गिटार शिकला, भयानक वाजवायचा, पण बारमध्ये गेला नाही.

एवढंच एक राहिलं. पिचर आहे म्हणजे कोपर, खांदा दुखणारच. गोळी फक्त टीमच्या डॉक्टरने लिहून दिलेली आणि फार्मसीच्या बाटलीतली, क्लबहाऊसमधल्या कोणाच्या खिशातली नाही, मग तो टीमचा कर्मचारी का असेना. टायलर स्कॅग्ज, पिचरच, २००९ च्या पहिल्या राउंडचा, २७ वर्षांचा असताना २०१९ मध्ये टेक्सासच्या हॉटेलात वारला, गोळ्यांत फेंटनिल नावाचं फार जहाल वेदनाशामक होतं आणि त्या पुरवल्या म्हणून टीमच्याच एका कर्मचाऱ्याला २२ वर्षांची शिक्षा झाली. हे त्याला फोनवर नका सांगू, समोर बसून सांगा.

आणि चकल्या पाठवायच्या असतील तर क्लबहाऊसच्या पत्त्यावर पाठवा, अपार्टमेंटच्या नको. मुलं आठवडाभर रोड ट्रिपवर असतात, डबा दाराबाहेर उन्हात पडतो आणि मुंग्या लागतात, अनुभव आहे.